आधी टायर बघा, शॉकअप नंतर

वाचकांचं पत्र, थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई नाशिकच्या, वय ४३. इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करतात. शाळा-कॉलेजात सायकल होती, लग्नानंतर सुटली. गेल्या हिवाळ्यात शेजाऱ्यांची सायकल मागून घेऊन काही रविवारी गंगापूर धरणापर्यंत गेल्या आणि पुन्हा गोडी लागली. आता स्वतःची घ्यायची आहे. आठवड्यातून चार दिवस कामावर (एका बाजूने साधारण नऊ किलोमीटर), रविवारी धरण, गिरणारे आणि तिथल्या द्राक्षबागांमधले कच्चे रस्ते असा बेत आहे. जमलं तर कधीतरी नाशिकहून पंढरपूरला जाणारी सायकलवारीही करायची आहे. बजेट ३५,००० रुपये. दुकानदाराने २४,००० ची दोन्हीकडे शॉकअप असलेली, २१ गिअरची, डिस्क ब्रेकवाली सायकल दाखवून “नाशिकच्या खड्ड्यांना हीच टिकेल” असं सांगितलं. सायकल ग्रुपमधली मैत्रीण म्हणते, हायब्रिडच घे (डांबरावर चपळ, साध्या चिमट्याची सायकल). मुलगा म्हणतो, चार इंची टायरची फॅटबाइक घे. यजमान म्हणतात, स्कूटर आहे की! ताईंची उंची पाच फूट एक इंच, वजन ५८ किलो. जिना चढताना उजवा गुडघा कधीकधी दुखतो. त्या विचारतात: “माउंटन बाइक घ्यायची हे ठरलंय, पण कोणती? आणि या वयात स्वतःवर इतके पैसे घालवणं बरोबर आहे का?”

ताई, तुम्ही पत्रात तीन प्रकारच्या सायकलींची नावं लिहून त्यातली एक निवडायला सांगितली आहे. मला मात्र त्याहून उपयोगी वाटली ती तुम्ही सहज लिहिलेली ओळ, कुठे कुठे चालवणार ती. त्या ओळीचा हिशेब मांडून पाहू. कामावर जाण्यायेण्याचे चार दिवसांचे ७२ किलोमीटर, सगळे डांबरी. रविवारचे चाळीसेक धरले, तर त्यातले गिरणाऱ्याच्या पुढचे शिवाररस्ते फार तर आठ. म्हणजे आठवड्याच्या ११२ किलोमीटरमध्ये माती आठच किलोमीटर. मन रमतं त्या आठ किलोमीटरमध्ये, हे मला पत्र वाचताना कळलं आणि ते मी अजिबात कमी लेखत नाही. पण तुमचे पाय, गुडघा आणि कमर यांचा संबंध उरलेल्या १०४ शी जास्त येणार आहे. दुकानात सायकल दाखवली जाते ती डोंगराच्या फोटोखाली, त्यामुळे हा हिशेब कुणी मांडत नाही.

तुम्हाला सल्ला देणारे तिघेही आपापल्या परीने बरोबर बोलत आहेत. मैत्रीण बहुधा डांबरी रस्त्यावर लांब लांब जाते. तिच्यासाठी हायब्रिड योग्यच. मुलाला फॅटबाइक आवडते, कारण ती दिसते दणकट. पण चार इंची टायर वाळू आणि बर्फासाठी निघाले. तसली सायकल १७-१८ किलोंच्या घरात जाते आणि ती तुम्हाला रोज दुसऱ्या मजल्यावर न्यायची आहे. त्याला प्रेमाने नाही म्हणा. दुकानदाराचं म्हणणं मात्र जरा सविस्तर तपासायला हवं, कारण ते ऐकायला सगळ्यात पटण्यासारखं आहे.

“रस्ते खराब, म्हणून शॉकअप हवेत.” तुमच्या पत्रातही हे गृहीत धरलेलं दिसतं. मागे-पुढे शॉकअप असलेली चांगली सायकल असते, नाही असं नाही. पण ती लाखाच्या पुढे जाते. २४,००० मध्ये मागचा शॉकअप म्हणजे एक जाड स्प्रिंग. तुम्ही पायडलवर जोर दिला की ती दबते, सोडला की उसळते. सातपूरच्या चढावर तुमची थोडी ताकद चाकाऐवजी त्या स्प्रिंगला जाईल. वर दीड-दोन किलो वजन जास्त, आणि फ्रेमच्या सांध्यातले बुश झिजले की दर पायडलला कुरकुर. पुढच्या शॉकअपची गोष्ट वेगळी, पण तिथेही एक बाब तुमच्यासारख्या हलक्या स्वारांना कुणी सांगत नाही. स्वस्त चिमट्यातल्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांमधल्या) स्प्रिंगा साधारण ७५-८० किलोंच्या माणसाचा विचार करून बसवलेल्या असतात. ५८ किलो वजनाखाली त्या धड दबतच नाहीत. म्हणजे अडीच किलोचा चिमटा वागवायचा आणि खड्ड्यात मनगटाला धक्का आहे तेवढाच. हवेचा चिमटा असेल तर आपल्या वजनाप्रमाणे हवा कमी-जास्त करता येते, मात्र या बजेटात तो क्वचितच सापडेल.

माउंटन बाइकचा जन्मच शॉकअपशिवाय झाला, हे सांगितलं तर तुमचा मुलगाही चकित होईल. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली माउंट टॅमलपायसच्या कच्च्या उतारावरून सोडत असत. १९७६ पासून त्यांनी जवळच्याच एका उतारावर ‘रीपॅक’ नावाची शर्यत भरवली. त्या उतारावर मागच्या हबमधल्या (चाकाच्या मधल्या गाभ्यातल्या) ब्रेकचं ग्रीस अक्षरशः जळून जायचं आणि दर फेरीनंतर हब उघडून नवं भरावं लागायचं, म्हणून हे नाव. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी फ्रेम बनवली. तिलाही चिमटा होता साधा, सरळ. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला शॉकअप बाजारात आला १९८९-९० च्या सुमारास. म्हणजे दहा वर्षांहून जास्त काळ लोक खरे डोंगर उतरले ते जाड टायर, योग्य हवा आणि वाकवलेली कोपरं यांच्या जोरावर. गिरणाऱ्याच्या शिवाररस्त्याला तेवढं नक्की पुरेल.

म्हणून माझा आग्रह आहे की आधी टायर बघा. दुकानात सगळे गिअर आणि ब्रेकवर बोलतात, टायरवर कुणी बोलत नाही. खरं तर जमिनीला टेकतं तेवढंच. माउंटन बाइकला कंपनीतून जे टायर येतात त्यांची नक्षी उंच दातांची असते. मातीत ते दात रुततात आणि पकड देतात. डांबरावर मात्र प्रत्येक दात दबतो, वाकतो, पुन्हा उभा राहतो, आणि त्यासाठी लागणारी ताकद तुमच्या पायातून जाते. घों-घों आवाज येतो तो त्याचाच. तुमच्यासारख्या मिश्र वापराला हवा तो टायर असा: मधोमध सलग पट्टी किंवा अगदी जवळजवळ बसवलेले बारीक दात, आणि कडांना जरा मोठे. सरळ डांबरावर मधली पट्टी पळते, कच्च्या रस्त्यावर वळताना कडा पकडतात. रुंदी १.९५ ते २.१ इंच पुरे. दोन टायर बदलायला साधारण दोन-तीन हजार रुपये लागतील. सायकल घेतानाच दुकानदाराला “हे उतरवा आणि हे चढवा, फरक घ्या” असं सांगता येतं. बरेच जण तयार होतात, कारण दातांचे नवे टायर त्यांना दुसरीकडे खपतात.

टायरच्या बाजूला एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ५०-५८४. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा रिमचा व्यास. २६ इंचीला तो ५५९, साडेसत्तावीस इंचीला ५८४, एकोणतीस इंचीला ६२२ असतो. दुकानातल्या चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, बदली टायर घेताना हाच आकडा जुळवा. हायब्रिडचं ७०० सी म्हणतात ते चाकही ६२२ चंच, त्यामुळे एकोणतीस इंचीच्या सायकलला नंतर बारीक टायर मिळवणं सोपं जातं. सायकलवारीचा विचार पक्का झाला तर कुठल्याही मापात दीड इंची गुळगुळीत टायरांची दुसरी जोडी घेऊन ठेवा. एक सायकल, दोन जोड्या टायर: “एकच सायकल सगळ्याला चालावी” या तुमच्या इच्छेला माझं हेच उत्तर आहे.

हवेचंही सांगतो. पंपावर किंवा दुकानात हवा भरून मागितली की ठणठणीत भरून देतात, ५०-६० पीएसआयपर्यंत (हे हवेच्या दाबाचं माप). दगडासारखा झालेला टायर प्रत्येक खडा हातापर्यंत पोचवतो आणि मग वाटतं, शॉकअप हवा होता. तुमच्या वजनाला, दोन इंची टायरला, पुढे ३२ आणि मागे ३५ पीएसआयपासून सुरुवात करा. कामावर जायच्या दिवशी ४० पर्यंत न्या. कच्च्या रस्त्यावर दोन-तीन कमी. ट्यूब रिमवर आपटल्यासारखा ठक्क आवाज आला, तर फार कमी झाली असं समजा. यासाठी काटा असलेला उभा पंप घरात हवा. सगळ्या साहित्यात मी त्याला पहिला नंबर देईन.

नाशिकची म्हणून दोन संकटं आहेत, आणि दोन्ही टायरशीच निगडित आहेत. एक सराटे. पाऊस संपून गवत वाळलं की रस्त्याच्या कडेला सराट्यांचं राज्य असतं, आणि शिवाररस्त्यावर बांधाच्या कुंपणातून पडलेले बाभळीचे काटे. महागातली सायकल असो की स्वस्तातली, पंक्चर सारखंच होतं. डांबराची कड सोडून थोडं आत चालवा. टायर आणि ट्यूबच्या मधे बसवायची पट्टी मिळते, ती घाला, किंवा ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) भरून घ्या. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल आणि त्याची आतली पिन निघत असेल तर हे काम घरी होतं. कच्च्या रस्त्यावरून डांबरावर आलात की थांबा, चाक फिरवत टायरवर नजर टाका. वरवर रुतलेला काटा तेव्हाच निघाला तर ट्यूब वाचते. पंक्चर काढायला मात्र शिकाच. घरच्या ओसरीवर दोनदा चाक काढून बसवलं की भीती जाते, आणि मग गिरणाऱ्याच्या पुढे एकटीने जायला मन कचरत नाही.

दुसरं संकट काळी माती. ओली असताना ती टायर आणि चिमटा यांच्या मधे अशी भरते की चाक फिरेनासं होतं, मग काडीने उकरत बसायचं. इथे रुंद टायरचा उपयोग होत नाही, उलट जागा कमी उरते. सायकल बघताना टायर आणि चिमट्याच्या मधे तर्जनी सहज जाते का बघा, मागच्या बाजूलाही. आणि पावसाळ्यात शेतकरी वाफसा आल्याशिवाय (माती पुरेशी सुकल्याशिवाय) शेतात पाय घालत नाहीत, तोच नियम आपणही पाळावा. ओल्या शिवाररस्त्यावर पडलेली चाकोरी वाळली की ट्रॅक्टरवाल्यालाही त्रास देते.

आता गिअर. २१ हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पुढे तीन चकत्या, मागे सात. गुणाकार करून २१. त्यातले कित्येक एकमेकांसारखेच असतात. तुम्हाला खरं पाहायचं आहे ते एकच: सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे? स्वस्त २१ गिअरमध्ये पुढची सगळ्यात छोटी चकती बहुधा २४ दातांची आणि मागची सगळ्यात मोठी २८ ची असते. २४ ला २८ ने भागा: ०.८६. आता पुढे एकच ३० दातांची चकती आणि मागे ११ ते ४२ अशी सायकल घ्या. ३० भागिले ४२ म्हणजे ०.७१. पायडलच्या एका फेरीत चाक कमी फिरतं, म्हणून चढ सोपा जातो. एकूण गिअर नऊच, पण गुडघ्यावर भार कमी. उलट टोकाला पहिल्याचा (पुढची मोठी चकती ४२ ची, मागची छोटी १४ ची) ४२ भागिले १४ म्हणजे ३ आणि दुसऱ्याचा ३० भागिले ११ म्हणजे २.७३, उतारावर जराशी कमी पळेल, एवढाच फरक. दुकानात दात मोजायला लाजू नका. चकतीवर आकडा कोरलेला असतो, आणि नसला तर मोजायला मिनिट लागतं.

मागच्या चाकाबद्दल एक बारीकशी, पण पैशांची गोष्ट. सात गिअरच्या बहुतेक स्वस्त सायकलींना फ्रीव्हील असतं, म्हणजे चकत्यांचा गट्टा हबवर आट्यांनी बसवलेला. त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग आत जातं आणि चाकाच्या आसाचा बराच भाग आधाराविना राहतो. खड्ड्यात तो वाकतो, कधी मोडतो. कॅसेट असेल, म्हणजे गट्टा हबवर सरकवून बसवलेला, तर बेअरिंग कडेला असतं आणि हा त्रास जवळपास जातो. “फ्रीव्हील की कॅसेट?” एवढा एक प्रश्न दुकानात विचारा. नाशिकच्या खड्ड्यांना काय टिकेल, याचं खरं उत्तर मागच्या शॉकअपपेक्षा इथे जास्त आहे.

गुडघ्याचं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथे थांबतो. जिना चढताना दुखतो, म्हणजे आधी हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. सूज येत असेल तर नक्कीच. सायकलने गुडघे बिघडतात असं सरसकट नाही, पण खाली ठेवलेली सीट आणि जड गिअर या दोन गोष्टी त्यांना छळतात. आपल्याकडे बहुतेक जण, विशेषतः मोठ्या वयात पुन्हा सुरुवात करणारे, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली घेतात. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग पुढचा तळवा पायडलवर आला की गुडघ्यात हलकासा बाक उरतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय चार दिवसांत होते. चढावर गिअर आधीच हलका करा, पाय दमल्यावर नव्हे. मिनिटाला ७०-८० फेऱ्या होतील अशा बेताने पाय फिरवत राहायचं. मंद आणि जोरकस चालवण्यात शौर्य वाटतं, पण गुडघ्याला ते चालत नाही.

आणि माप. पाच फूट एक इंच उंचीला एकोणतीस इंची चाकाची मोठी फ्रेम “सीट खाली करून देतो” म्हणून गळ्यात मारली जाते. सीट खाली-वर होते, फ्रेमची लांबी होत नाही. मग हँडल लांब पडतं, खांदे आवळतात, मनगटं बधिर होतात, आणि बाईला वाटतं आपल्यालाच जमत नाही. असं होऊन सायकल सोडून दिलेल्या कितीतरी जणी आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही एक्सएस किंवा एस मापाची फ्रेम आणि साडेसत्तावीस इंची चाकं बघा. अनेक कंपन्या लहान मापात हेच चाक देतात. आडव्या दांड्यावर पाय रोवून उभं राहिल्यावर मधे दोन इंच तरी मोकळे हवेत. ब्रेक धरताना बोटं ताणावी लागू नयेत; लिव्हर आत घ्यायचा छोटा स्क्रू असतो, तो फिरवून मागा. फ्रेमवर ‘लेडीज’ लिहिलेलं असण्या-नसण्याला महत्त्व नाही. बसून, दुकानाबाहेर किमान पंधरा मिनिटं चालवून बघा. जो दुकानदार चालवू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

ब्रेकबद्दल थोडक्यात. तेलावर चालणारे हायड्रॉलिक डिस्क बजेटात बसले तर घ्या. एका बोटाने लागतात आणि चिखलातही साथ देतात. नाही बसले, तर हलक्या दर्जाच्या केबल डिस्कपेक्षा चांगले व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला रबर दाबून थांबवणारे, मला जास्त भरवशाचे वाटतात. रबर बदलायला पाच मिनिटं, आणि कुठल्याही गल्लीतला कारागीर ते करतो. चिखलात मात्र रिम पुसत राहावं लागतं.

इतकं सगळं मांडल्यावर निवड काय? तुमच्यासमोर दोनच खरे पर्याय उरतात. एक, साध्या चिमट्याची हायब्रिड: साडेअकरा-बारा किलो, डांबरावर चपळ, पंढरपूरला सुखाची. पण टायरला जागा बहुतेक वेळा ४० ते ४५ मिलिमीटरची, आणि हलका गिअर पुरेसा हलका नसण्याची शक्यता. दुसरा, फक्त पुढे शॉकअप असलेली माउंटन बाइक, जिला सायकलवाले हार्डटेल म्हणतात: साडेतेरा-चौदा किलो, जागा भरपूर, गिअर हलके, बांधा भक्कम. तुमच्या ११२ किलोमीटरांचा नुसता आकडा बघितला तर हायब्रिड जिंकते. तरीही मी तुम्हाला हार्डटेल सुचवतो, टायर बदलून. गुडघ्याला लागणारा हलका गिअर तिथे सहज मिळतो, पावसाळ्यानंतरचं शहरातलं डांबर शिवाररस्त्याइतकंच उखडलेलं असतं, आणि तुम्हाला सायकलकडे ओढणारी जागा कच्च्या रस्त्यावर आहे. कामावर जायला तीन-चार मिनिटं जास्त लागली तर फार बिघडणार नाही. बागांमधून जाताना सायकलची धास्ती वाटली तर मात्र रविवार बंद होतील, आणि त्यामागून सोमवारही. ज्यांचा कच्चा रस्ता महिन्यातून एकदाच येतो आणि ज्यांच्या गुडघ्यांची तक्रार नाही, त्यांनी हायब्रिड घ्यावी.

शॉकअप घट्ट करायची कळ, म्हणजे लॉकआउट, चिमट्यावर असली पाहिजे. डांबरावर तिने शॉकअप घट्ट करून ठेवा. दुसरी अट कॅरिअरची. कामावर जाताना डबा आणि पर्स पाठीवर घेऊन घामाघूम होण्यापेक्षा मागे अडकवलेली बरी. त्यासाठी फ्रेमवर मागच्या आसाजवळ आणि सीटखाली स्क्रू बसायला आट्यांची भोकं लागतात. बऱ्याच माउंटन बाइकना ती नसतात. घरी आणल्यावर कळलं तर इलाज थोडेच उरतात, म्हणून आधी वाकून बघा.

पैशांची मांडणी अशी करा: ३५,००० पैकी सायकलीवर २८,००० च्या आत थांबा. उरलेल्यातून टायर, हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, काट्याचा पंप, छोटी हत्यारं, एक जास्तीची ट्यूब, चेनचं तेल आणि कुलूप. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे; जुन्या किमतीची चिठ्ठी लटकत असेल तर विचारायला हरकत नाही. वापरलेली सायकलही चांगला मार्ग आहे. हौसेने घेऊन गॅलरीत उभ्या राहिलेल्या हार्डटेल पुष्कळ असतात आणि याच पैशात वरचा दर्जा मिळतो. हँडलखालचा आणि सीटखालचा जोड नीट तपासा, रंगाखाली केसासारखी भेग असेल तर सोडून द्या. चाक फिरवून आऊट आलाय का, म्हणजे ते डगमगतं का, बघा. थोडा असेल तर निघतो. चेनची बारा पूर्ण कडी मोजा (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक), ती बरोबर बारा इंच भरायला हवीत. एक अष्टमांश इंच जास्त भरली तर चेनसोबत मागचा गट्टाही बदलावा लागेल, तेवढे पैसे कमी करून मागा.

यजमानांच्या बोलण्यावर तुम्ही नाराज दिसलात. ते विरोध करताहेत असं मला पत्रावरून वाटलं नाही. स्कूटरने काम भागतं, एवढंच त्यांना दिसतंय. त्यांना पेट्रोलचा हिशेब देऊन पटवायला जाऊ नका. तो प्रश्न कामावर पोचण्याचा नाहीच. या खर्चासाठी तुम्ही स्वतःच्या मनाकडे परवानगी मागताय, आणि तिथे मी स्पष्ट बोलतो: घरात मुलाची गाडी, फोन, क्लास यांवर खर्च झाला तेव्हा तुम्ही कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. ४३ व्या वर्षी आवडीने अंगमेहनत करावीशी वाटणं ही फार चांगली गोष्ट आहे. घ्या सायकल. आणि एखाद्या रविवारी यजमानांना गाडीने धरणावर नाश्त्याला बोलवा.

बागांमधल्या रस्त्यांचं थोडं भान ठेवा, कारण ते कुणाच्या तरी रोजीरोटीचे आहेत. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बागांवर औषधांची फवारणी चालू असते. ब्लोअरचा आवाज आला की लांब थांबा, वारा बघा, मग जा. जानेवारी ते मार्च मालाच्या गाड्या आणि ट्रॅक्टरची वर्दळ असते, त्यांना वाट द्या. रस्ता बागेच्या आत शिरतोय असं वाटलं तर विचारून जा. आणि ग्रुपमधलं कुणी अंजनेरीच्या पठारावर सायकल न्यायची कल्पना काढली तर नको म्हणा. तिथली दुर्मिळ फुलझाडं मातीच्या पातळ थरावर जगतात, तिथे चाक फिरवायचं नसतं.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात केबल सैलावतात आणि चाकाच्या तारा बसतात, त्यामुळे गिअर अडखळू लागतील. सायकल खराब निघाली असं समजू नका. दुकानातली पहिली मोफत सर्व्हिस याचसाठी असते. ती चुकवू नका, आणि त्या वेळी गिअर, ब्रेक आणि दोन्ही चाकांचा आऊट समोर उभं राहून काढून घ्या. पावसाळ्यात घरी आल्यावर चेन फडक्याने कोरडी करून दोन-दोन थेंब तेल द्यायचं, जास्तीचं पुसून टाकायचं. इंजिन ऑइल नको, त्यावर सगळी धूळ बसते.